निळा सोडून कोणताही

आईच्या खोलीची एक भिंत वेगळ्या रंगात रंगवायची, ही कल्पना माझी होती. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडता येत नाही. नवरा पहिल्यापासून म्हणत होता, "चारही भिंती पांढऱ्या मार आणि मोकळी हो ना यार." पण मला मोबाइलवर घर सजवायचे व्हिडिओ बघायची खोड लागली होती. तीन भिंती शांत ठेवायच्या, चौथी बोलकी करायची. मग त्या चौथ्या भिंतीचा रंग उशीच्या अभ्र्यात, पडद्याच्या काठात, एखाद्या फुलदाणीत थोडा थोडा पेरायचा. डिझायनर लोक त्याला अ‍ॅक्सेंट म्हणतात. मी त्याला हिंग म्हणायचे. नसला तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं आणि जास्त पडला तर घरभर त्याचाच वास.

आम्ही मुलुंडला अकराव्या मजल्यावर राहतो. आई वेसाव्याच्या कोळीवाड्यात, लग्न होऊन आली त्याच घरात, एकटी. पौषात ती ओट्याच्या पायरीवरून पडली आणि खुब्यात सळी घालावी लागली. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं की आता एकटं ठेवू नका, पुन्हा पडल्या तर उठायच्या नाहीत. मी एकुलती एक. म्हणजे ठरवण्यासारखं काही नव्हतंच, फक्त आईने ते मान्य करायचं बाकी होतं. ती फार फार तर महिनाभर यायला तयार झाली, आणि तेसुद्धा माझ्यावर उपकार केल्यासारखी. मी मनात म्हटलं, खोलीच अशी करते की महिन्यानंतर हिचा पाय निघता कामा नये. माझं सगळं त्या खोलीवर अवलंबून होतं. ती परत त्या घरात गेली असती तर एखाद्या सकाळी शेजारच्यांचा फोन आला असता, हे मला स्पष्ट दिसत होतं.

रंग निवडताना मी स्वतःला एकच नियम घातला होता. निळा सोडून कोणताही.

त्याचं कारण सांगायला हवं. मी चार वर्षांची असताना बाबा नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात होडी घेऊन गेले आणि परत आले नाहीत. एकट्याने चालवायची लहान होडी होती, खाडीच्या तोंडाशी जाळं लावायला ते जायचे. ना होडी मिळाली, ना ते. आमच्याकडे प्रत्येकाच्या होडीला आपापला रंग असतो, म्हणजे लांबून येताना किनाऱ्यावरच्या माणसांना कळावं, कोण आलं. पावसाळ्यात होडी वर काढून नव्याने रंगवतात आणि डब्यात जो उरतो तो घराच्या दाराला लागतो. आमचं दार निळं होतं. होडीही निळीच होती, असं आई सांगायची. बोंबील सुकवायच्या बांबूंखाली बसून मी किती वर्षं निळी होडी यायची वाट बघितली, ते आता आठवून हसू येत नाही आणि रडूही येत नाही. निळ्या होड्या पुष्कळ यायच्या. त्यातून दुसऱ्यांचे बाप उतरायचे.

तेव्हा आईच्या खोलीत निळा नको, एवढं मला कळत होतं.

स्टेशनजवळच्या रंगाच्या दुकानात मी दोन संध्याकाळी शेड कार्ड चाळत बसले. कार्ड कसलं, पोथीच ती. एकेका रंगाची नावं वाचून तर मला हसू आवरेना. कुणाला पहाटेचं हसू, कुणाला राजघराण्याचं स्वप्न. रंगाला रंग म्हणायची आजकाल सोय नाही. शेवटी पाच रंग निवडले आणि लहान बाटल्या घेऊन आले. कार्डावरचा रंग आणि भिंतीवरचा रंग ही सख्खी भावंडं नसतात, लांबचे चुलत असतात, एवढं व्हिडिओ बघून शिकले होते. म्हणून भिंतीवर हातभर अंतराने पाच चौकोन काढले. सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर असं तीनदा बघायचं ठरवलं.

पहिला गुलाबी, उकडलेल्या कोळंबीचा. सकाळी गोड दिसला आणि दुपारी नको झाला. दुसरा विटकरी, त्याने खोली अर्धी केली. तिसरा जांभळा, त्याच्याविषयी न बोललेलं बरं. चौथा पोपटी, तो बालवाडीत शोभला असता.

पाचवा मी कधी निवडला तेच मला आठवत नव्हतं. बाटली माझ्या पिशवीत होती, चिठ्ठीवर नंबर होता. मी दुकानात फोनही केला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तर बोट ठेवलंत. मी दुसरा दाखवत होतो, तुम्ही ऐकलंच नाही." पिवळा म्हणावा तर पिवळा नाही, हिरवा म्हणावा तर हिरवा नाही. कैरीच्या लोणच्याची बरणी संपत आली की तळाशी जे तेल राहतं, त्याच्या जवळपासचा. बाटलीत बघितला तर शिसारी यावी असा होता. भिंतीवर मात्र मी त्याच्यासमोर उभी राहिले ती चहा निवेपर्यंत. ओळखीचं कुणीतरी खोलीत येऊन उभं आहे आणि आपण वळायचं तेवढं राहिलंय, असं काहीतरी वाटत होतं.

नवरा दारातून डोकावून म्हणाला, "कावीळ झालेल्या माणसाचं तोंड आहे हे." मी त्याला हाकललं. मला झकास वाटत होतं. अभ्रे शोधायला गेले तर पहिल्याच दुकानात त्या रंगाची किनार मिळाली. पडद्याला मिळाली. एक चिनीमातीचं भांडं माळ्यावर वर्षानुवर्षं पडून होतं, ते पुसलं तर तेही त्याच रंगाचं निघालं. सगळं आपणहून जुळत येतंय म्हटल्यावर माणूस संशय घेत नाही. माणसाला वाटतं, आपली आवडच चांगली.

पेंटर मालवणकडचा होता, साठीला आलेला, बोलायला कंजूस. त्याने तीन भिंती दोन दिवसांत आटपल्या. चौथीला दोन हात मारले आणि बुधवारी दुपारी मला बोलावलं.

"बाई, ह्या भिंतीत पाणी हा."

मी बघितलं. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत रंग गडद झाला होता. ओल असते तशी वेडीवाकडी, नकाशासारखी नव्हती. पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली ओला रंग, वर कोरडा. माघ महिना होता, बाहेर धूळ उडत होती. भिंतीच्या पलीकडे आमचाच हॉल. त्या भिंतीतून पाण्याचा नळ जात नाही, वरच्या मजल्यावरही तिथे हॉलच आहे. मी पेन्सिलने रेघेवर खूण केली आणि बाजूला वेळ लिहिली. बारा.

दोन तासांनी बघितलं तर रेघ खाली उतरली होती. संध्याकाळपर्यंत भिंत कोरडी.

गुरुवारी ती पुन्हा चढली. सगळ्यात वर पोचली तेव्हा पाऊण वाजला होता. शुक्रवारी दीड. पेंटरने ओल्या जागेवर बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि थुंकला.

"खारा," तो म्हणाला. "पुट्टीत खार असतलो." थोड्या वेळाने ब्रश धुताना स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "माका ह्या काय बरा वाटणा नाय." त्याने सामान उचललं आणि बाकीचं काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्या म्हणाला. बाकीचं काम काही नव्हतंच.

बारा, पाऊण, दीड. वेसाव्याच्या पोरीला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, हे आम्हाला शाळेत जायच्या आधी कळतं. बुधवारी पौर्णिमा होती. पौर्णिमेला भर दुपारी बाराला पाणी भरतं. मी कॅलेंडर बघितलं, मग मोबाइलवर भरतीच्या वेळा बघितल्या आणि मोबाइल उलटा करून ठेवला. नवऱ्याला काही बोलले नाही. त्याने वॉटरप्रूफिंगवाल्याचा नंबर शोधला असता, आणि मला त्याच्याशी वाद घालायची ताकद नव्हती. टेबलफॅन आणून भिंतीकडे तोंड करून लावून ठेवला. योगायोग असतात, असं मी स्वतःला दोनदा मोठ्याने सांगितलं. 

रविवारी अकराच्या सुमाराला आई आली. तेव्हा भिंत कोरडी होती, हे मी आधी बघून घेतलं होतं. नवऱ्याने तिला लिफ्टमधून आणलं, मी वॉकर पुढे केला. हॉलमध्ये तिने सगळीकडे नजर फिरवली, पंखा बरा हाय म्हणाली, खिडकीतून समुद्र दिसत नाही म्हणून नाक मुरडलं. डोंगर बगून काय करायचा, असंही म्हणाली. म्हणजे स्वारी खुशीत होती. मी पुढे होऊन तिच्या खोलीचं दार उघडलं.

वॉकर उंबऱ्याशी थांबला.

आईने भिंतीकडे बघितलं. तिचं तोंड घाबरलेलं नव्हतं. पोस्टाने आलेलं पाकीट उघडायच्या आधीच आत काय आहे ते कळलेलं असावं, तसं होतं. तिने वॉकर हळूहळू वळवला. ते वळणं तिला अजून नीट जमत नव्हतं, पण कुणाला हात लावू दिला नाही. दिवाणावर जाऊन बसली, खोलीकडे पाठ करून.

"ह्यो रंग तू कुठं पायलास?"

"दुकानात. कार्डावर."

"कार्डावर हजार असतील. ह्योच कसा?"

"आवडला म्हणून. काय झालं, आये?"

"मना घरी सोड."

पुढचे तीन दिवस ती हॉलमध्येच राहिली. दिवाणावर झोपायची, दिवाणावर जेवायची. मी हात जोडले, चिडले, चार शब्द नको तेही बोलले. "पांढरा मारते उद्याच, मग तर झालं?" असंही म्हटलं. त्यावर तिने माझ्याकडे बघितलं ते अजून विसरत नाही.

"भिंतीवर पांढरा मारशील. तुज्या डोल्यात हाय त्याच्यावर काय मारशील? आधी सांग कुठं पायलास."

बाथरूमकडे जायचं तर त्या खोलीच्या दारावरून जावं लागतं. ती तेवढ्या वाटेपुरती मान भिंतीकडून फिरवून घ्यायची आणि न बघता पाऊल टाकायची. बुधवारी वॉकरचा पाय पायपुसण्यात अडकला. मी दोन पावलांवर होते म्हणून धरता आलं. तिचं सगळं वजन माझ्या हातावर आलं तेव्हा कळलं, ती किती हलकी झालीये. दिवाणावर बसल्यावर दम खात ती म्हणाली, "खरं सांग नायतर मना घरी सोड. हितं मी ऱ्हानार नाय." ही धमकी नव्हती. ती खरोखर गेली असती, आणि मी टॅक्सी बोलावली नसती तर तशीच खाली उतरली असती.

गुरुवारी मी तिचे कपडे आणायच्या निमित्ताने वेसाव्याला गेले. आमच्या घराला लागून काकीचं घर आहे, बाबांच्या धाकट्या भावाची बायको. सत्तरीला टेकली आहे, पण अजून बाजारात टोपली घेऊन बसते. दारात बसून कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत होती. मी मोबाइलवर भिंतीचा फोटो दाखवला. सहज विचारल्यासारखं विचारलं, आईला हा रंग का खुपतो गं?

काकीने चष्मा वर केला. सुपातला हात सुपातच राहिला.

"ही तं तुज्या बापसाची व्होडी."

"होडी निळी होती ना?"

"कोन बोलला? निली आदल्या वर्साची. त्या वर्सी त्यानं पिवला आनला आनि घरातला उरलेला हिरवा त्यात वतला. सगला गाव हसला त्याला. तो बोलला, माजा रंग बाजारात भेटनार नाय, आता कोन बी लांबून वलखल." ती थांबली. "दाराला बी तोच लावला. आठ दिस झाले नसतील, तवर तो गेला."

मी म्हटलं, मग मी चार वर्षांची होते, मी बघितला असणार. असं म्हणताना मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. सगळ्याचा उलगडा झाला होता. लहानपणी पाहिलेलं डोक्यात कुठेतरी राहतं, त्यात भुताटकी कसली?

काकीने मान हलवली. "तू कुठं पायनार? तुना गोवर आलेला. अख्खा श्रावन तू मामाकडं गोराईला. तुना आनली तवा बापूस नव्हता आनि दार निला झालेला."

मग तिने बाकीचंही सांगितलं, मी विचारलं नसताना. समुद्रावरून न आलेल्या माणसाच्या दाराचा रंग बदलायचा नाही, हे आमच्या आळीत सगळे पाळायचे. माणूस वाट चुकलेला असतो, त्याला आपलं दार कळलं पाहिजे. शोध अजून चालू होता, पुरुष रोज होड्या घेऊन जात होते. आणि आठव्या दिवशी आईने आदल्या वर्षीचा निळा डबा काढला, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, आणि स्वतःच्या हाताने दार रंगवलं. काकी म्हणाली, "सासू तिच्या पाया पडली, नको करू म्हनून. तिनं आयकला नाय. वरीसभर आमी कोनी तिच्याशी बोललो नाय." आई कुंकू मात्र लावत राहिली. गावाला ते दोन्ही एकत्र कधी समजलं नाही.

मी परत आले तेव्हा पाच वाजून गेले होते. वाटेत सगळा वेळ एकच गोष्ट डोक्यात होती. मी आयुष्यभर निळ्या होडीची वाट बघितली. बाबा खरंच आले असते तर मी त्यांना ओळखलंच नसतं, कारण मला रंगच चुकीचा सांगितला होता. असा राग आला होता की रिक्षावाल्याशी उगाच भांडले.

आई दिवाणावर डोळे मिटून होती. मी सरळ खोलीत गेले आणि भिंतीसमोर जमिनीवर बसले. सहा वाजत आले होते. पाण्याची वेळ. रेघ वर चढत होती, डोळ्यांना दिसेल इतक्या सावकाश. यावेळी गुडघ्यावर थांबली नाही. मी बसले होते तर माझ्या खांद्याला आली. खाली ओला, काळपट झालेला रंग आणि वर संध्याकाळच्या उजेडातला कोरडा, उजळ रंग. ती भिंत राहिली नव्हती. पाण्यात उभ्या असलेल्या होडीची ती बाजू होती, आणि मी ती अशीच, इतक्याच जवळून, इतक्याच खालून पाहिली होती.

सहा वर्षांची असेन. पहिलीत होते, शाळा सकाळची होती. दुपारी पाणी भरलेलं, बांबूंच्या अगदी पायथ्याशी आलेलं. किनाऱ्यावर कुणी नव्हतं, ते लोकांचं जेवून पडायचं ऊन होतं. मी बसले होते आणि समोर एक होडी येऊन उभी राहिली. तिचा आवाज आला नाही. त्या रंगाची होती. कसला घाणेरडा रंग, असं मला वाटलं, ते शब्दसुद्धा आठवतात. होडीत एक माणूस उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या डोक्यावरून तो घरांच्या ओळीकडे बघत होता. एकेका दारावर थांबत, पुढे सरकत, शेवटापर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून. पत्ता शोधणारा माणूस बघतो तसा. बराच वेळ. मग होडी वळली. मी ती कुठे गेली तेही बघितलं नाही. ती निळी नव्हती. मी पुन्हा लांब पाण्याकडे बघत बसले.

घरी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं?

मी उठून हॉलमध्ये आले. आईच्या पायाशी खालीच बसले आणि जसं आठवलं तसं सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर विचारलं, "पानी कुठवर होतं?"

"बांबूंपर्यंत."

"तोच."

"तुला कसं ठाऊक?"

"मी पन पायला. दाराच्या फटीतून." ती अगदी सरळ बोलत होती, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं. "चार वेला त्यानं आपल्या दाराकडं बगितला. निला बगून म्होरं गेला."

मी विचारलं, का केलंस असं? ते सगळे सांगत होते ना, दार ओळखू दे म्हणून? कदाचित तो जिवंत असेल, असं एकदाही वाटलं नाही तुला?

"जित्ता असता तं रस्त्यानं आला असता," आई म्हणाली. "कुठंतरी लागला असता, गाडीत बसला असता, घरी आला असता. जित्त्याला दाराचा रंग कशाला लागतो? त्याला घर ठाव हाय." तिने पदराने तोंड पुसलं. "जो रंग बगून येतो तो आपला मानूस नसतो. आनि घरात तू होतीस."

दिवाणाच्या मागे खोलीचं दार उघडंच होतं. आतून टेबलफॅनचा आवाज येत होता. दोघींनीही तिकडे बघितलं नाही.

मला तिची कीव यायला हवी होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई, नवरा नाही, गाव बोलत नाही, आणि डोळ्यांसमोर ते. माझ्यासाठी तिने एवढं केलं होतं. पण माझं मन दुसरीकडेच अडकलं होतं, त्या उन्हात, बांबूंच्या खाली.

"आये," मी म्हटलं, "घरात नव्हते मी. मी बाहेर होते. पाण्याच्या कडेला, एकटी. त्याच्यासमोर."

"ठाव हाय."

"मग मला हाक का नाही मारलीस?"

आईने वॉकर जवळ ओढला.

"हाक मारली असती तं त्याला दार कललं असतं."

 पन्नाशीला आलेली बाई मी, आणि सहा वर्षांच्या पोरीसारखा आवाज निघाला. "आणि त्याने मला नेलं असतं तर?"

"तेच बगत होते मी," ती म्हणाली. "कडी घालून."

मग ती म्हणाली, आता भिंत पांढरी कर, मी ऱ्हाते. आणि उठायला हात पुढे केला. मी तो धरला, पण लगेच नाही.